माझा सुरांचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावेत असा कार्यवाहबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही व्याख्याती नव्हे. पाककृती सांगा म्हणाल तर सांगेन, भरतकामाचे टाके दाखवा म्हणाल तर दाखवीन. पण असे उभे राहून बोलायचे म्हटले की माझे हातपाय गार पडतात. शिवाय माझा आवाज हल्ली कसा झाला आहे, हे तुम्ही आत्ता ऐकतच आहात. तरी कार्यवाहबाई ऐकेनात. "घरी त्या यंत्रावर तुम्ही काय वाजवीत असता, तेवढेच सांगा," असे त्या म्हणाल्या. जिन्यावरून जातायेता त्यांच्या कानी काहीतरी पडले असणार! तेव्हा आज त्याविषयीच बोलणार आहे. पण त्याआधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

आपल्या गुरुवारच्या भजनात मी कितीतरी वर्षे पुढे बसून म्हणत असे आणि तुम्ही सगळ्या मागून म्हणत असा. पाच वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातील थायरॉईडच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, जिवाचा घोर मिटला. परंतु आपल्या स्वरतंतूंना हलविणारा मज्जातंतू त्या ग्रंथीच्या अगदी पाठीशी असतो. त्याला जरासा धक्का लागला तरी आवाज बसतो. डॉक्टरांनी हे मला आधीच समजावून सांगितले होते, तेव्हा दोष कोणाचाच नाही. आवाज परत आला, पण अर्धाच आला. पंचमापर्यंत कसाबसा जातो, धैवतावर चिरतो, आणि वरचा षड्ज तर गेलाच.

मी भजनाला येईनाशी झाले. तुम्ही आपुलकीने घरी येऊन विचारलेत, तेव्हा मी गुडघे दुखतात म्हणून सांगितले. भगिनींनो, माझे गुडघे उत्तम आहेत. तीन जिने मी रोज दोनदा चढते. मला लाज वाटत होती, एवढेच खरे कारण.

घरी पेटी होती. पण मी पेटी शिकले ती गाण्याला साथ म्हणून. जे गायचे तेच बोटांनी वाजवायचे, एवढीच माझी विद्या. गाणेच थांबले, तेव्हा पेटीवर आच्छादन पडले ते पडलेच. तिच्यावर आमच्याकडे वर्तमानपत्रांची रास साठू लागली.

अशी दोन-तीन वर्षे गेली. गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावर माझी नात तिचा जुना आयपॅड घेऊन माझ्याजवळ बसली. ती म्हणाली, "आजी, तुला गायचं नाहीये ना? मग गाऊ नकोस. नुसती बोटं फिरव. हा साथ करील." मी म्हटले, "अगं, साथ कशाची? मी काय वाजवणार ते त्याला काय ठाऊक?" ती हसून म्हणाली, "त्याला ठाऊक नसू दे. तूच त्याच्या साथीवर वाजवायचं."

त्या सॉफ्टवेअरचे नाव गॅरेजबँड. ॲपल कंपनीने ते २००४ साली आपल्या संगणकांसाठी काढले आणि २०११ साली आयपॅडवर आणले. ज्यांच्याकडे दुसऱ्या बनावटीचे फोन आहेत त्यांच्यासाठी बँडलॅबसारखी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. कल्पना मात्र ह्याहून जुनी आहे. कॅनडातील एका कंपनीने १९९० साली बँड-इन-अ-बॉक्स नावाचा कार्यक्रम काढला. त्यात नुसती कॉर्डची नावे चौकटीत लिहायची, की पियानो, बास आणि ड्रम अशी सगळी साथ यंत्र आपणहून उभी करी. तेव्हा हा काही कालपरवाचा चमत्कार नव्हे.

आता कॉर्ड म्हणजे काय, ते पेटीच्या भाषेत सांगते. पांढरी एकचा सा धरा. सा, ग आणि प ह्या तीन पट्ट्या एकदम दाबा. झाली एक कॉर्ड. ध, वरचा सा आणि वरचा ग दाबा. ही दुसरी, जरा उदास. म, ध, सा ही तिसरी. प, नि, रे ही चौथी. इंग्रजीत त्यांना सी, ए मायनर, एफ आणि जी म्हणतात. चारही कॉर्डमध्ये सगळे स्वर शुद्धच आहेत, म्हणजे आपला बिलावल थाट. आयपॅडवर ह्या कॉर्डच्या तयार पट्ट्या उभ्या मांडलेल्या असतात. पट्टीला बोट लावले की ती कॉर्ड वाजते, आणि 'ऑटोप्ले'ची कळ फिरविली की यंत्र तिला लयीत खेळवीत राहते.

नातीने प्रत्येक कॉर्ड चार-चार मात्रांची धरली. चार चोक सोळा! मी लगेच बोटांवर मोजले आणि म्हटले, "अगं, हा तर त्रिताल." ती म्हणाली, "तसंच समज." अर्थात टाळी-खाली त्यात नाही, पण सोळा मात्रांनी फिरून पहिल्या कॉर्डवर यायचे, हे समेवर येण्यासारखेच आहे. त्या ॲपमध्ये सुरुवातीला आठ पट्ट्यांची, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन आवर्तनांची जागा आखलेली असते. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, न थकता, न कंटाळता. दुपारी जेवणे आटोपल्यावर दोन तास माझ्यासाठी पेटी धरून बसेल, अशी साथीदार मला कुठे मिळणार होती?

पहिल्या दिवशी फजिती झाली. घरातल्यांना त्रास नको म्हणून मी नातीची बिनतारी कर्णफुले कानात घातली. मी पट्टी दाबी आणि सूर मागाहून येई. मला वाटले, बोटेही गेली की काय! डोळ्यांत पाणीच आले. नंतर कळले, की बिनतारी कर्णफुलांत सूर कानी पोहोचायला थोडा उशीर लागतोच. ऐकण्यापुरते ते कळत नाही, वाजविणाऱ्याला मात्र कळते. तारेची जुनी कर्णफुले लावली आणि बोट नि सूर पुन्हा एकत्र आले. तुमच्यापैकी कोणी हा खेळ करणार असाल, तर एवढे जरूर ध्यानी ठेवा.

दुसरी अडचण मोठी होती. साथ सुरू झाली आणि मला काही सुचेना. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चाली म्हटल्या. बाईंनी शिकविली तशी, रेडिओवर ऐकली तशी. स्वतःच्या मनाने एक सूर पुढे टाकायचा म्हटल्यावर अंधारात पायरी शोधावी तसे झाले. नात म्हणाली, "पाचच स्वर घे. सा, रे, ग, प, ध. म आणि नि सोडून दे." मी म्हटले, हा तर भूप! आणि हात चालू लागला.

मध्यम आणि निषाद का सोडायचे, ते मला पुढे स्वतःच वाजवून उमगले. साथीला सा-ग-प चालू असता मी मध्यमावर थांबले, तर तो शेजारच्या गांधाराला खेटतो आणि कानाला टोचते. तोच मध्यम, तिसरी म-ध-सा कॉर्ड आली की घरच्यासारखा बसतो. निषादाचे तसेच. पहिल्या कॉर्डवर तो षड्जाला खेटतो, चौथीवर मात्र तो तिथलाच. अधला-मधला सूर म्हणून झटकन ओलांडून गेले तर काही बिघडत नाही. तिथे मुक्काम केला की बिघडते. हे दोन खट्याळ स्वर वगळले, की उरलेल्या पाचांवर कुठेही फिरा, फारसे चुकत नाही. परदेशातले वादकही शिकाऊ मुलांना हीच युक्ती सांगतात. पुष्कळ ॲपमध्ये तर हवे तेवढेच पाच स्वर पडद्यावर ठेवण्याची सोय आहे.

पण सगळ्यांत नवल वाटले ते षड्जाचे. आपण तंबोऱ्यावर शिकलेल्या बायका. सा म्हणजे घर. कुठेही हिंडा, सा लावला की पोहोचलो. इथे चौथी कॉर्ड, प-नि-रे, चालू असता मी सवयीने सा धरला, तर तो सा परका वाटला! कारण साथीत निषाद वाजत होता. मी घाबरून बोट उचलले. पुढच्या खेपेस मुद्दाम उचलले नाही. चार मात्रा तसाच धरून ठेवला. फेरी पुरी झाली, पहिली कॉर्ड आली आणि तोच सा, मी काहीएक न करता, बरोबर झाला. मी जागची हलले नव्हते. खालची जमीन फिरून आली होती.

त्या दुपारी मी तेवढी एकच गोष्ट वीस-पंचवीस वेळा केली. आमचे हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "रेकॉर्ड अडकली का?" मी म्हटले, "होय, अडकली आहे, आणि तशीच राहू द्या."

मग कळत गेले, की राग आणि कॉर्ड ह्यांत मूळ फरक हाच. रागात षड्जाची जमीन स्थिर असते आणि आपण तिच्यावर इमारत चढवितो. कॉर्डमध्ये जमीनच बदलते, त्यामुळे एकच सूर तीन ठिकाणी तीन नात्यांनी उभा राहतो. सा पहिल्या कॉर्डचा आधारस्वर. धैवताच्या कॉर्डमध्ये तोच कोमल गांधारासारखा. मध्यमाच्या कॉर्डमध्ये तोच पंचमासारखा. घरात आपण कोणाची सून, कोणाची आई, कोणाची जाऊ असतो, तसेच काहीसे. आपल्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात ना, की भूपाचेच पाच स्वर घेऊन पंचमाला सा मानले की दुर्गा होतो आणि गांधाराला मानले की मालकंस, त्याची चुणूक इथे दर चार मात्रांना लागते. म्हणून मी वाजवीत होते तो भूप नव्हताच. स्वर भूपाचे, पण धैवताची कॉर्ड खाली आली की चेहरा निराळा.

ह्यावर कोणी म्हणेल, ही परकी गोष्ट, आपल्या संगीताला हिचा काय उपयोग? मी म्हणते, पेटी तरी कुठली? ती पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास जन्मली. आपल्याकडे तिचे पाय काढून तिला मांडीशी बसविले. मींड निघत नाही, श्रुती सांभाळत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती पुढे तीसएक वर्षे टिकली. पण त्याआधीच गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला होता आणि आपल्या भजनी मंडळांना तर तिच्यावाचून चालत नाही.

कॉर्डही आपल्या कानांना नव्या नाहीत. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन नि व्हायोलिन शिकलेले पुष्कळ वादक मुंबईला आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ह्या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक, अशी किती नावे घ्यावीत! १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीताला चिक चॉकलेट ह्यांचे साहाय्य होते. त्यातले पुष्कळजण रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत. आणि जॅझची रीत हीच, की कॉर्डची फेरी आधी ठरलेली आणि तिच्यावर वादकाने मनाने चाल रचीत जायचे. ब्लूज म्हणतात त्यात तर तीन कॉर्डची बारा पट्ट्यांची एक ठराविक फेरी असते आणि तिच्यावर माणसे जन्मभर वाजवितात. आपण स्वयंपाक करता करता जी गाणी गुणगुणलो, त्यांच्या खाली ह्या कॉर्ड वाजतच होत्या. आपण फक्त वरची चाल ऐकत होतो.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काचेच्या पट्टीवर बोट ठेवून मला मनासारखी मींड काढता येत नाही. दुसरे असे, की ह्या सॉफ्टवेअरांत आपले वाजविणे मात्रेवर नेमके बसवून देण्याची एक कळ असते. मी हौसेने ती दाबून पाहिली. सगळे स्वर शिपायांसारखे रांगेत उभे राहिले आणि चालीतला जीव गेला. मी जो गांधार किंचित रेंगाळून लावला होता, तो त्याने ओढून सरळ केला. मी तत्काळ ती कळ बंद केली. आपली चूक कोणती नि आपली लकब कोणती, हे यंत्राला कळत नाही. ते आपणच ठरवायचे.

ह्याउलट एक गोष्ट फार सोयीची. यंत्र माझ्या वाजविण्याचा नुसता आवाज टिपून ठेवीत नाही. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, ह्याची ते टाचणे ठेवते. मिडी नावाची ही पद्धत १९८३ सालापासून रूढ आहे. त्यामुळे शंभर सुरांत एक चुकला तर तेवढाच उचलून जागेवर ठेवता येतो. लय संथ केली तरी सूर उतरत नाही. आणि नाहीच आवडले, तर एका उलट्या बाणावर बोट ठेवायचे की सारे पुसले जाते. स्वेटरचा टाका चुकला की आपण उसवतो, तसेच. फरक एवढाच, की लोकर चुरगळत नाही. मला वाटते माझी भीती निम्मी त्या बाणाने घालविली.

ज्यांना करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी माझा अनुभव थोडक्यात सांगते. लय संथ ठेवा, मिनिटाला साठ-सत्तर मात्रा. पहिल्या दिवशी तीनच स्वर घ्या. दर मात्रेला सूर भरलाच पाहिजे असे नाही. दोन मात्रा बोला, दोन मात्रा गप्प राहून साथ ऐका. एक लहानसा तुकडा सुचला, की तोच चारही कॉर्डवर वाजवा. खालची कॉर्ड बदलली की त्याचे रंग बदलताना दिसतील. प्रश्न विचारल्यासारखा एक तुकडा नि उत्तर दिल्यासारखा दुसरा, असे करीत जा. उत्तर संपवाल ते त्या वेळी वाजणाऱ्या कॉर्डच्या तीन स्वरांपैकी एकावर संपवा. आणि सगळे नोंदवून ठेवा, पण त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री ज्याची लाज वाटली, ते सकाळी पुष्कळदा बरे निघते.

आता दुसरी कबुली. माझ्या जागी हल्ली ज्या भगिनी भजन म्हणतात, त्या इथे समोरच बसल्या आहेत. त्यांचा आवाज चांगला आहे. पाच वर्षे मी गुरुवारी संध्याकाळी खिडकी लावून घेत असे, ती तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून. त्यांचा काही अपराध नव्हता. बाई, मी आपली क्षमा मागते.

गेल्या दोन महिन्यांत त्या चार कॉर्डवर माझी एक चाल जुळून आली आहे. सोळा मात्रांच्या दोन फेऱ्यांची, अगदी साधी. पहिली फेरी मध्य सप्तकात फिरते. दुसऱ्या फेरीत ती चढू लागली. मी तिला अडवून पाहिले, पंचमावरून माघारी वळवून पाहिले. पण वळविली की ती अपुरी वाटे. शेवटी बोटे जातील तिकडे जाऊ दिली. ती वरच्या षड्जाला जाऊन पोहोचली, चौथ्या कॉर्डवर चार मात्रा तिथे थांबली आणि पहिल्या कॉर्डवर विसावली. चाल माझी आहे आणि मला ती म्हणता येत नाही. पहिल्यांदा हे ध्यानात आले तेव्हा मला वाईट वाटले. मग विचार केला, पेटीला तरी कुठे गळा असतो? ती दुसऱ्याच्या गळ्याखाली वाजते.

तो वरचा षड्ज चार मात्रा न हलता धरील असा गळा आपल्या मंडळात एकच आहे. बाई, आपण ती चाल म्हणाल का? शब्द अजून नाहीत. आपल्यात ओव्या रचणाऱ्या दोघीतिघी आहेत, त्यांनी ते मनावर घ्यावे. यंत्राची साथ मी घरी ठेवीन. इथे पेटीवर कॉर्ड धरीन; तीन बोटांचे तर काम आहे, आणि डावा हात भात्याला मोकळा राहतो. वर्तमानपत्रांची रास मी परवाच रद्दीत घातली. पेटीचे दोन सूर चिकटले होते, ते दुरुस्त करून आणले.

येत्या गुरुवारी मी भजनाला येत आहे. पेटी मीच आणीन. गुडघ्यांची काळजी कोणी करू नये.